सरकारी जागेवर देव बसला तर: नागपुरात अर्ज कसा करायचा

पहिली सूचना: अर्जात देवाचं नाव लिहू नका. कुठल्याच देवाचं. ‘अनधिकृत मंदिर’, ‘बेकायदा दर्गा’, ‘जबरदस्तीनं बांधलेला विहार’ असं लिहिलेला अर्ज झोन ऑफिसच्या आवक टेबलावर पोचायच्या आत त्याचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर पोचतो, आणि तिथून पुढे तुमची तक्रार जागेबद्दल उरत नाही. लिहायचं ते एवढंच: अमुक मौजा (महसुली गाव), अमुक खसरा (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), इतके फूट बाय इतके फूट बांधकाम, रस्त्याचा इतका भाग अडला. अधिकाऱ्याला कारवाई करायची असते ती जागेवर. त्याला जागाच द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकार ओळखणं. लोक तीन वेगळे विषय एकाच अर्जात कोंबतात आणि मग कुठल्याच विषयावर उत्तर मिळत नाही. एक, सार्वजनिक जागेवर कायमचं उभं राहिलेलं बांधकाम: रस्ता, पदपथ, बगिचा, लेआउटची खुली जागा, नाल्याचा काठ. दोन, सणापुरता मंडप, कमान, स्वागतद्वार, झेंडे. तीन, सरकारी कार्यालयात किंवा शाळेत लावलेला फोटो, मांडलेली मूर्ती, होणारी पूजा. तिन्हींचे कायदे वेगळे, खिडक्या वेगळ्या, आणि यश मिळण्याची शक्यताही वेगळी. पहिल्यात कायदा सगळ्यात भक्कम आहे. तिसऱ्यात सगळ्यात ढिला.

अमेरिकेची भिंत इथे शोधू नका

इंटरनेटवरून ‘चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत’ उचलून अर्जात टाकणारे बरेच असतात. ती उपमा थॉमस जेफरसन यांच्या १८०२ च्या एका पत्रातली. तिथल्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती सरकारला धर्म प्रस्थापित करायला मनाई करते, आणि त्यावरून तिथे बारीक खटले चालतात. १९८९ साली पिट्सबर्गच्या प्रकरणात काउंटी कोर्टाच्या जिन्यावरचा येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरला. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमसच्या झाडाशेजारी ठेवलेला ज्यू मेनोरा (धार्मिक दीपदान) मात्र चालला. वाचायला गमतीचं आहे, पण सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयांत उपयोगाचं नाही.

आपल्याकडे कामाची कलमं चार. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कलम २६ धार्मिक संप्रदायांच्या संस्थांबद्दल आहे. कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर कुणावर लादता येणार नाही. आणि कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानं धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे हे पक्कं केलं. तरीही ‘सरकारनं देवाधर्मापासून लांबच राहावं’ असं आपल्या कोर्टांनी म्हटलेलं नाही. सगळ्यांना सारखं वागवावं, एवढंच ते धरतात. म्हणून अर्ज तत्त्वावर लढवू नका, जागेवर लढवा.

जागेबाबतचा मुख्य आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश, भारत सरकार विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणातला. मंदिर, चर्च, मशीद, गुरुद्वारा अशा कुठल्याही नावानं सार्वजनिक रस्ता, बाग किंवा इतर सार्वजनिक ठिकाणी नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. आधीच्या बांधकामांचा राज्यांनी एकेक करून आढावा घ्यावा. पालनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलेली आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देखरेखीचं काम उच्च न्यायालयांकडे सोपवलं, आणि त्याच वर्षी नागपूर खंडपीठासमोर हा विषय चांगलाच तापला होता. अर्जात हा एक आदेश, तारखेसकट, पुरेसा आहे. दहा निकालांची यादी जोडली तर कुणी वाचत नाही.

आधी जागा कुणाची ते काढा

निम्म्याहून जास्त मेहनत इथेच घालायची. नागपुरात एकाच चौकाच्या चार कोपऱ्यांचे चार मालक असू शकतात: महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, नझूल म्हणजे महसूल विभाग, आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. रेल्वेलगत असेल तर रेल्वे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज ‘सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ एवढ्या एका ओळीवर परत येतो, तोही दोन महिन्यांनी, आणि तोपर्यंत पत्र्याच्या शेडवर स्लॅब पडलेला असतो.

क्रम असा ठेवा. जागेवर जाऊन मौजा आणि खसरा क्रमांक शोधा. शेजारच्या प्लॉटधारकाच्या विक्रीपत्रात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, तिथून सुरुवात सोपी जाते. मग नगर भूमापन कार्यालयातून त्या नगर भूमापन क्रमांकाची आखीव पत्रिका आणि शीटचा नकाशा काढा. बाहेरगावचे लोक तिला मालमत्ता पत्रक म्हणतात. खिडकीवर आखीव पत्रिकाच मागा. शहराच्या कडेच्या भागात नगर भूमापन झालेलं नसेल तर सातबारा. लेआउट असेल तर तिसरा कागद हवाच: मंजूर नकाशा. त्यात रस्ता किती मीटरचा, खुली जागा कुठे, सार्वजनिक उपयोगाची जागा कुठे, हे रंगानं किंवा रेषांनी दाखवलेलं असतं.

लेआउटच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे. ‘खुली जागा’ म्हणजे आपोआप सरकारी जागा नव्हे. काही लेआउटमध्ये ती प्रन्यासकडे किंवा मनपाकडे हस्तांतरित झालेली असते, काहींत अजून सोसायटीच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर असते आणि फक्त वापर राखीव असतो. पहिल्या बाबतीत तक्रार अतिक्रमणाची, दुसऱ्या बाबतीत मंजूर नकाशाविरुद्ध वापराची. कलमं बदलतात: अतिक्रमणाला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, आणि विनापरवाना विकासाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ५३. सोसायटीच्या आमसभेनं ठराव करून खुली जागा देवस्थानाला ‘दिली’ असं सांगितलं जातं. ठरावानं मंजूर नकाशा बदलत नाही, हे तेव्हाच लेखी मांडा.

सार्वजनिक उपयोगाची जागा रीतसर लीजवर एखाद्या नोंदणीकृत संस्थेला दिलेली असू शकते. मग अतिक्रमण म्हणता येणार नाही. लीजमधलं प्रयोजन काय ते पाहा. वाचनालयासाठी दिलेल्या जागेवर सभामंडप उभा असेल तर मुद्दा शर्तभंगाचा.

‘आमचं ट्रस्ट रजिस्टर आहे’ हे उत्तर हमखास येतं. नोंदणी सिव्हिल लाइन्सच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते आणि ती संस्थेची नोंदणी असते, जमिनीची मालकी नव्हे. तिथे परिशिष्ट एक पाहायला मागा. त्यात ट्रस्टच्या स्थावर मालमत्तेची नोंद असते. पुष्कळदा ती जागा तिथे नसते, आणि हा कोरा रकाना तुमच्या बाजूचा चांगला पुरावा ठरतो. वीजमीटर आणि मालमत्ता कराची पावती यांनीही मालकी सिद्ध होत नाही, पण बांधकाम कधीचं ते कळायला दोन्ही उपयोगी.

मग वय काढा

राज्य सरकारच्या ५ मे २०११ च्या शासन निर्णयानुसार जुन्या अनधिकृत धार्मिक बांधकामांची वर्गवारी होते: ‘अ’ म्हणजे नियमित करण्याजोगं, ‘ब’ म्हणजे काढून टाकायचं, ‘क’ म्हणजे दुसरीकडे हलवायचं. या वर्गवारीत दोन तारखा महत्त्वाच्या, १ मे १९६० आणि २९ सप्टेंबर २००९. पहिल्या तारखेआधीचं आणि लोकमान्य असलेलं स्थान बहुधा नियमित होतं. दुसऱ्या तारखेनंतरचं उभंच राहायला नको होतं. महाल-इतवारीतल्या जुन्या पाराच्या देवळावर शक्ती घालवू नका, ते जाणार नाही आणि जावं असंही नाही. तुमची बाजू सगळ्यात बळकट असते ती २००९ नंतरच्या बांधकामाबाबत, आणि त्यातही जे अजून चालू आहे त्याबाबत.

वय सिद्ध करायला घरबसल्या मिळणारा पुरावा म्हणजे गुगल अर्थ प्रो मधली जुनी उपग्रह चित्रं. घड्याळाच्या चिन्हावर दाबून मागची वर्षं उघडा, जागेचे अक्षांश-रेखांश पडद्यावर दिसू द्या, आणि ‘नाही’ दाखवणारं शेवटचं चित्र व ‘आहे’ दाखवणारं पहिलं चित्र अशी जोडी छापून घ्या. दाट झाडाखाली काही दिसत नाही; तिथे वीजजोडणीची तारीख, मनपाच्या रस्ता रुंदीकरणाचा जुना नकाशा किंवा शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं कामाला येतात. आणि एक लक्षात ठेवा: दगड जुना आणि सभामंडप नवा, असंच बहुतेक ठिकाणी असतं. अर्जात दोन्ही वेगळे दाखवा. ‘मूळ ओटा ४ बाय ४ फूट, २०१६ नंतर वाढवलेला भाग १८ बाय २२ फूट’ असं लिहिलं की अधिकाऱ्यालाही वाढीव भाग हटवून मूळ ठेवण्याचा मार्ग मोकळा राहतो. वाद मिटतो तो बहुतेक असाच.

मोजमाप टेपनं घ्या, पावलांनी नको. लांबी, रुंदी, उंची, रस्त्याच्या कडेपासून अंतर, आणि उरलेल्या पदपथाची रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळा पदपथ सांगितला आहे. तुमच्या इथे ०.६ उरला असेल तर तो आकडा अर्जात पहिल्या परिच्छेदात टाका. फोटो चारही बाजूंनी, तारीख-वेळ आणि ठिकाण उमटवणाऱ्या अ‍ॅपमधून, आणि प्रत्येक फोटोत विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी येईल असा. गर्दीच्या, आरतीच्या वेळी फोटो काढू नका. पहाटे जा. झाडाभोवती सिमेंटचा कट्टा केला असेल तर त्याची वेगळी तक्रार मनपाच्या उद्यान विभागाकडे जाते. वृक्ष संवर्धनाचा १९७५ चा कायदा त्यासाठी आहे.

आणि त्याच रस्त्यावर, त्याच खसऱ्यात दुसऱ्या कुठल्या धर्माचं बांधकाम असेल तर तेही त्याच तक्त्यात घ्या. मंदिर, मजार, क्रॉस, विहार, निशाणाचा ओटा, जे काही असेल ते. एक गाळलं की तुमचा हेतू काय हा प्रश्न कोर्टातही विचारला जातो.

माहिती अधिकाराचा अर्ज

तक्रारीआधी हा टाका. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे आणि मोठे अर्ज याच कारणानं परत येतात. ‘का’ असा प्रश्न विचारू नका, कारण माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. मजकूर असा चालतो:

‘मौजा ______, खसरा क्र. ______, नगर भूमापन क्र. ______, शीट क्र. ______ येथील जागेबाबत खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) सदर जागेच्या मालकी/ताब्याची आपल्या कार्यालयातील नोंद. (२) मंजूर लेआउट नकाशा व मंजुरीचे पत्र. (३) सदर जागेवर बांधकामास दिलेली परवानगी, ना हरकत प्रमाणपत्र किंवा लीज, असल्यास. (४) ५ मे २०११ च्या शासन निर्णयानुसार तयार केलेल्या यादीत सदर बांधकामाची नोंद व प्रवर्ग. (५) सदर बांधकामाबाबत दिलेल्या नोटिसा व झालेला पंचनामा. (६) वरील नस्तीचे निरीक्षण करू द्यावे.’

सहावा मुद्दा सोडू नका. निरीक्षणाचा पहिला तास फुकट असतो आणि नस्तीतल्या म्हणजे फाइलमधल्या टिपण्या वाचल्या की काम कुठल्या टेबलावर अडलंय ते कळतं. प्रतींना पानामागे दोन रुपये. मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. ते झालं नाही तर पहिल्या अपिलात हाच मुद्दा घ्या. पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’, वीस रुपये. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाची वाट पाहत तक्रार थांबवू नका. दोन्ही समांतर चालवा.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर सगळ्यात मोलाचं. बांधकाम यादीत ‘ब’ मध्ये असेल तर कार्यालयानं आधीच ठरवलंय, फक्त केलं नाही. यादीत नसेल तर एकतर सर्वेक्षण चुकलं किंवा बांधकाम नंतरचं आहे. दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची.

तक्रार कुठे, कुणाच्या सहीनं

मनपाची जागा असेल तर संबंधित झोनचे सहायक आयुक्त, प्रत मनपा आयुक्तांना. शहरात दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. पत्त्यावरून अंदाज बांधू नका, मालमत्ता कराच्या पावतीवर झोन लिहिलेला असतो. प्रन्यासची जागा असेल तर प्रन्यासचे सभापती आणि विभागीय कार्यालय. नझूल असेल तर जिल्हाधिकारी. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ५० लागतं. काम आत्ता चालू असेल, वाळू-गिट्टी पडलेली असेल, तर जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि ठाणेदार यांना त्याच दिवशी प्रत द्या, कारण २००९ चा आदेश नेमका नव्या कामाला लागू होतो. चालू काम थांबवणं एका फोनचं काम असतं. कळस चढल्यावर तेच काम बंदोबस्ताचं होतं.

एकट्याच्या सहीनं देऊ नका. लेआउटमधल्या आठ-दहा घरांच्या सह्या, शक्य तर वेगवेगळ्या समाजांच्या, किंवा नोंदणीकृत नागरिक मंडळाचं लेटरहेड. हे संख्याबळासाठी नाही; दबाव एका घरावर येऊ नये म्हणून. भाडेकरू, दुकानदार यांना सही मागून अडचणीत टाकू नका.

पोच घ्या: दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर स्पीड पोस्टानं पाठवा. आपले सरकार पोर्टलवरही तोच मजकूर टाका. तिथे २१ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. त्यानंतर लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी अर्ज देऊन. तिथे वरिष्ठ अधिकारी समोर असतात आणि विषय इतिवृत्तात येतो, एवढाच फायदा. पण तो छोटा नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा सांगतो, स्मरणपत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख करा. धमकीच्या सुरात नको.

नोटीस निघाली, आणि सगळं थांबलं

महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली रस्त्यावरचं अडथळ्याचं बांधकाम आयुक्तांना नोटिशीशिवायही हटवता येतं. धार्मिक बांधकामाला तरीही नोटीस दिली जाते, आणि ते शहाणपणाचंच आहे. घोळ पुढे होतो. नोटीस हातात पडताच समोरचे दिवाणी कोर्टात जातात, मनपाचा वकील त्या दिवशी हजर नसतो, आणि ‘जैसे थे’चा आदेश मिळतो. जैसे थे म्हणजे पुढची कित्येक वर्षं. यावर उपाय स्वस्त आहे: नोटीस काढतानाच कार्यालयानं दिवाणी कोर्टात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, दाखल करावं, अशी लेखी मागणी तक्रारीतच करून ठेवा. कॅव्हेट ९० दिवस टिकतं. तेवढ्यात कारवाई झाली नाही तर नव्यानं लावावं लागतं, आणि हेच विसरलं जातं. तारीख तुम्ही तुमच्या कॅलेंडरवर लिहा.

दुसरा घोळ सुनावणीचा. वर्गवारीवर हरकती मागवल्या की बाजूनं शेकडो पत्रं येतात, विरोधात एकही नाही. तुमचं म्हणणं त्या मुदतीत लेखी द्या, नाहीतर पुढे ‘कुणाचीच हरकत नव्हती’ असं नस्तीत राहतं.

इतक्यावर हललं नाही तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, अनुच्छेद २२६ खाली रिट किंवा जनहित याचिका. याचिकेच्या आधी कार्यालयाला शेवटचं लेखी मागणीपत्र दिलेलं असावं. वकील परवडत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

सणापुरता मंडप

इथे तक्रारीआधी परवानगी आहे का ते बघा. महापालिका अधिनियमाच्या कलम २३४ नुसार आयुक्त पोलीस आयुक्तांच्या सहमतीनं सणासाठी रस्त्यावर तात्पुरता मंडप टाकू देऊ शकतात. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ च्या निकालात स्पष्ट केलं की रस्त्यावर मंडप टाकून पूजा करणं हा मूलभूत हक्क नाही. परवानगी ही सवलत आहे आणि ती रहदारी अडवून देता येत नाही. परवानगीची प्रत मंडपाच्या दर्शनी भागात लावलेली असायला हवी. तिच्यावरचं क्षेत्रफळ आणि मुदत वाचा, मग टेप लावा. बहुतेक मंडप विनापरवाना नसतात, मोठे असतात.

मंडळवाल्यांसाठीही तेच. मनपा, पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, अग्निशमन यांची मंजुरी, वीज कंपनीचं तात्पुरतं मीटर, आणि डांबर न फोडता ड्रममध्ये रेती भरून उभे केलेले खांब. खड्डे खोदले की पुढच्या वर्षीची परवानगी अडते. स्वागताचे फलक आणि कमानी विनापरवाना लावल्या तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भोंग्याची तक्रार वेगळी करा, मंडपाच्या अर्जात मिसळू नका. रात्री १० ते सकाळी ६ बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. ११२ वर सांगताना नाव द्यायची गरज नाही. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे.

ऑफिसातला फोटो, शाळेतली पूजा

इथे अपेक्षा कमी ठेवा. जानेवारी २०१७ मध्ये शाळा आणि कार्यालयांतून देवादिकांचे फोटो काढण्याचं परिपत्रक राज्यात निघालं होतं. गदारोळ झाला आणि ते मागे घेतलं गेलं. त्याची झेरॉक्स अजून फिरते. ती जोडलीत तर उत्तर तयार असतं. गुजरात उच्च न्यायालयानं २०११ साली न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका फेटाळून याचिकाकर्त्यालाच वीस हजारांचा खर्च लावला होता, हेही ठाऊक असू द्या. टेबलाच्या काचेखालच्या फोटोवर कुणी कोर्टात जाऊ नये.

पण तीन प्रश्न चालतात. पैसा: पूजेचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून झाला, त्याची देयकं माहिती अधिकारात मागा. वर्गणीतून झाला असेल तर तसं लेखी येईल आणि विषय संपेल. काम: पूजेसाठी खिडकी किती वेळ बंद होती, त्या दिवसाचा टोकनचा हिशेब मागा. सक्ती: कर्मचाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला सहभागी व्हायला भाग पाडलं का. शाळेत हा मुद्दा सगळ्यात जोरकस आहे. मनपा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत धार्मिक शिक्षण चालत नाही, आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, कलम २८(३). मुख्याध्यापकांना आधी साधं पत्र द्या, ‘माझ्या पाल्यास यातून वगळावे’ एवढंच. शंभरातल्या नव्वद वेळा विषय तिथेच मिटतो.

महापुरुषांचे फोटो यात धरू नका. जयंती-पुण्यतिथीचे कार्यक्रम सामान्य प्रशासन विभागाच्या परिपत्रकानुसार होतात. फुले, शाहू, आंबेडकर यांच्या तसबिरीला ‘धार्मिक’ म्हणणारा अर्ज नागपुरात तर अजिबात करू नये. तो कायद्यानंही चूक आहे. नव्या पुतळ्यांचा प्रश्न निराळा: १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयानं रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असं सांगितलं आहे, मग पुतळा कुणाचाही असो.

हात लावू नका

मूर्ती, चादर, झेंडा, दानपेटी, अगदी सुकलेला हारसुद्धा स्वतः हलवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली उपासनास्थळाची किंवा पवित्र वस्तूची विटंबना हा गुन्हा आहे, आणि बांधकाम बेकायदा होतं हा त्यावरचा बचाव धरून चालू नका. ग्रुपवर टोमणा मारू नका. कलम १९६ आणि २९९ त्यासाठी आहेत. कारवाईच्या दिवशी जागेवर जाऊ नका, व्हिडिओ काढू नका. मूर्ती कुठे न्यायची, विधी कोण करणार, हे कार्यालयानं आधी संबंधितांशी ठरवलेलं असावं. ठरलेलं नसेल तर कारवाई अर्ध्यावर सुटते.

हटवल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात नाजूक. मलबा त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे, कारण त्यातल्याच चार विटांवर नवा ओटा उभा राहतो. पदपथाचे गट्टू लगेच बसवून मिळावेत, खुली जागा असेल तर कुंपण आणि फाटकाला मनपाचं कुलूप लागावं, आणि मोकळ्या जागेचे मोजमापासकट फोटो पंचनाम्याला जोडले जावेत, अशी मागणी तक्रारीतल्या शेवटच्या मुद्द्यात आधीच लिहून ठेवा. दर महिन्याला एक फोटो, त्याच विजेच्या खांबाच्या क्रमांकासह.